फोटोच्या कडेचं कोपर

— ‘ते कोपर कोणाचं, हे विचारायचं नाही.’ आमच्या घरातला नियम आहे हा. तुम्हाला माहीत नव्हता, तुम्ही विचारलंत, आणि बघा काय झालं — बाबा म्हणाले कॉफी गार होतेय, आणि काका ताडकन उठून ‘फोटो काढायचेत ना, जरा कपडे बदलतो’ म्हणून आत. मी सात वर्षांची असताना विचारलं होतं, तेव्हाही अगदी असंच झालं, फक्त कॉफीच्या जागी दूध होतं. हे रेकॉर्डचं कव्हर तेव्हाही ह्याच भिंतीवर, ह्याच काचेत. मी सोफ्यावर चढून एकेकावर बोट ठेवलं — हे काका, गिटार घेतलेले, केस खांद्यापर्यंत. हे बाबा, मिशी नुकती ठेवलेली. हा त्यांचा ड्रमवाला मित्र. आणि हे इथे, डाव्या कडेला, हे कोपर. नुसतं कोपर. बाही दुमडलेली. पुढचा माणूस कापलेला. ‘हे कोणाचं?’ आजोबा होते तेव्हा. त्यांनी हातातला पेपर खाली केला आणि म्हणाले, काही गोष्टी विचारायच्या नसतात. का? तर नसतात. आणि का नसतात हेही विचारायचं नसतं. बसा हो, बसा. त्यांना वेळ लागणार आहे. ते लेदरचं जॅकेट चाळीस वर्षांपूर्वीचं आहे आणि काका काही चाळीस वर्षांपूर्वीचे नाहीत — ऐकू येतंय ना? ‘ओढ, अजून ओढ’ — बाबा मागून ओढतायत. मोठ्या भावाला जॅकेटमध्ये कोंबणं चाललंय. दहा मिनिटं तरी आहेत आपल्याकडे.

मला एक सांगा, त्यांनी तुम्हाला काय सांगितलंय? आज नाही, फोनवर, मागच्या आठवड्यात. तुम्ही नव्या कव्हरवरचा मजकूर लिहिताय, कोणी काय वाजवलं ते विचारलंच असेल ना तुम्ही. — हं. गिटार काका. बास बाबा. ड्रम तो मित्र. आणि कोपर? — सामान उचलायला यायचा एक मुलगा. वा. आणि? — काय? वारला? ‘वारला’ म्हणाले? हाच शब्द? थांबा. एक मिनिट थांबा. मला वाटलं होतं टाळतील. विषय बदलतील, हसतील, ‘अहो किती वर्षं झाली, आठवत नाही’ म्हणतील. त्यात ते दोघं पटाईत आहेत. पण सरळ मारून टाकतील असं नव्हतं वाटलं. — वारला तो ड्रमवाला. तो खरंच वारला, परदेशात, सहा वर्षं झाली. ज्याचं कोपर आहे तो माणूस जिवंत आहे. खाली आहे. येताना तळमजल्यावर लिफ्टच्या शेजारी हिरवं दार दिसलं ना? उघडं होतं? असणारच, ते कधी लावत नाहीत. आत खुर्चीत एक म्हातारा, डावा हात मांडीवर ठेवलेला, कुणीतरी ‘जरा सांभाळा, आलोच’ म्हणून देऊन गेल्यासारखा. — त्यांनी मान हलवली तुमच्याकडे बघून? झालं तर मग. वारलेल्या माणसाने मान हलवली तुमच्याकडे बघून. लिहा हे तुमच्या वहीत, लिहा.

मिस्त्री म्हणते मी त्यांना. लिफ्टचे मिस्त्री, ह्या इमारतीची लिफ्ट बसली तेव्हापासून. मी बारा वर्षांची असताना एकदा लिफ्टमध्ये अडकले. एकटी. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये. आधी मी बटणं दाबली, मग लाथा मारल्या, मग रडले — सांगायला काय लाजायचंय. आणि वरून धप्प आवाज आला. माणूस, लिफ्टच्या टपावर. पंख्याच्या भोकातून एक आवाज — ‘कोण आहे आत?’ मी म्हटलं, मी. ‘मी म्हणजे किती वजनाची?’ म्हणे. मी रडायची थांबले, कारण असा प्रश्न कोणी विचारतं का? मी सांगितलं बत्तीस किलो. ‘मग काही तुटत नाही. मोटर तापली आहे, गार व्हायला वीस मिनिटं. गाणं चालेल?’ मला वाटलं आता हा म्हातारा अंगाई लावणार. त्यांनी त्यांचा तो लहान टेपरेकॉर्डर टपावर ठेवला, आणि — कसं सांगू? त्या पोलादी खोक्यात, चारही बाजूंनी, पायाखालून, एक गिटार आली. आली म्हणजे घुसली. दात झणझणले माझे. दोन गाणी झाली, तिसरं सुरू झालं आणि लिफ्ट हलली, तर मी आतून ओरडले — ‘थांबवा!’ ते घाबरले, त्यांना वाटलं काहीतरी अडकलं. मी म्हटलं, गाणं संपू दे. वर ते एवढे हसले की टप हलला.

तर अशी ओळख. मग मी रोज कॉलनीभर सायकल फिरवायच्या वेळेत गच्चीवर. तिथे मोटरची खोली आहे, ह्या कार्पेटएवढी. एक चाक, एक मोटर, ग्रीसचे डबे, आणि सुट्या भागांच्या पेटीत टेप. बावन्न टेप. प्रत्येकावर बारीक अक्षरात नाव, साल, आणि पुढे शेरा — ‘दुसऱ्या बाजूला दम नाही’, ‘ड्रम ऐकणे’, ‘हे रागात ऐकू नये’. हात कापडाला पुसल्याशिवाय टेपला हात नाही. मी त्यांना आधी काका म्हटलं, तर म्हणाले, ‘काका नको. एक आहे तुला, पुरे.’ मी तेव्हा हसले. मला काय माहीत! शिकवायचे म्हणजे काय, तर ऐकायला शिकवायचे. एक गाणं चार वेळा. पहिल्यांदा नुसती बास ऐक. दुसऱ्यांदा नुसता ड्रमवाल्याचा पाय. तिसऱ्यांदा गाणारा श्वास कुठे घेतो ते. ‘आणि चौथ्यांदा?’ — ‘चौथ्यांदा गप्प बस आणि मजा कर.’ शाळेत, कॉलेजात एवढे शिक्षक झाले माझे, एकाने सांगितलं नाही की शेवटी मजा करायची असते. आणि गिटार लावायची तर मोटरच्या सुरावर! मोटर चालू झाली की एकच सूर धरते ना, घुंऽऽ. पण ती चालू कधी होणार, कोणीतरी खाली बटण दाबेल तेव्हा. आम्ही दोघं तारेवर बोट ठेवून वाट बघत बसायचो — आता कोणी तरी येऊ दे, चौथ्यावरच्या बाईंना काहीतरी विसरू दे.

आता हे ऐका. तुम्ही रेकॉर्ड शंभरदा ऐकली असेल, तुमचं कामच आहे ते. सुरुवात आठवतेय ना? ते आठ आघात, गाणं सुरू व्हायच्या आधीचे. त्यासाठीच तर लोक ती रेकॉर्ड अजून शोधतात. — ही गिटार बघा. उजव्या हाताच्या माणसाची, साधी. जाड तारा वर, बारीक खाली. हात वरून खाली आणला की आधी जाड वाजते, मग बारीक. असं. — ऐकलंत? धडाम. हे काका. चाळीस वर्षं, कोणाचं लग्न असो, निरोपसमारंभ असो, काका हे असंच वाजवतात आणि लोक टाळ्या पिटतात. आता मिस्त्री. डावखुरे. डावखुऱ्यासाठी वेगळी गिटार कुठून आणणार? ते तीच उलटी धरायचे. तारा तरी बदलायच्या, तर त्याही नाही, कारण गिटार त्यांची नव्हतीच, काकांची होती, वाजवून झाली की परत द्यायची. मग झालं काय, त्यांच्या बारीक तारा आल्या वर आणि जाड गेल्या खाली. त्यांचा हात खाली आला की आधी बारीक, मग जाड. — असं. — परत वाजवते. — आधी दिवा लागतो आणि मग खोली दिसते, तसं. कुठलं आहे रेकॉर्डवर? — नाही, तुम्ही सांगा. मी नाही सांगणार.

— हो, कोणीही खालून वर मारू शकतो. मीसुद्धा आत्ता तेच केलं. चांगला प्रश्न आहे. पण खालून वर, त्या वेगाने, आठही तेवढ्याच जोराने — करून बघा. मनगट उतरतं. मला कसं जमलं ते सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल की हे कोणाला सहज सुचण्यातलं नाही. मी शिकायला त्यांच्यासमोर बसायचे, गुडघ्याला गुडघा लावून, आरशात बघितल्यासारखी. त्यांचा डावा हात खाली, माझा उजवा खाली. दिसायला हुबेहूब. वाजायला भलतंच! आठ महिने, अहो, आठ महिने आम्ही दोघं डोकं फोडत होतो. ते म्हणायचे, ‘तुझ्या हातात घाई आहे.’ मी म्हणायचे, तुमच्या कानात ग्रीस आहे. ते म्हणायचे, ‘पुन्हा.’ मी रडायचे, ते मोटरला तेल घालायचे. तारांचा क्रम उलटा आहे हे ना त्यांच्या डोक्यात आलं, ना माझ्या — त्यांना आयुष्यभराची सवय, आणि मला वाटायचं गिटार म्हणजे गिटार. शेवटी एक दिवस मी इतकी वैतागले की हात रागाने खालून वर ओढला. खर्रकन. आणि तो आवाज आला. मिस्त्रींच्या हातातला डबा तसाच राहिला. म्हणाले, ‘काय केलंस?’ मी म्हटलं, रागावले. म्हणाले, ‘पुन्हा रागाव.’

त्या दिवशी मी जिन्याने धावत घरी आले आणि ही काच काढून रेकॉर्ड लावली. घरात कोणी नव्हतं. आधी बारीक, मग जाड. आठदा. मी उभी होते तिथे, तुम्ही बसलाय तिथेच, आणि समोर ते कोपर. बघा तुम्ही पण. त्या कडेला उभ्या असलेल्या माणसाचं आपल्याला दिसणारं कोपर म्हणजे त्याचं डावं. आणि ते असं बाहेर आलंय, गिटारवरून हात टाकल्यासारखं. सामान उचलणाऱ्या मुलाचं कोपर असं असतं? आणि काकांकडे जी गिटार आहे ती बघा — तिला पट्टाच नाहीये, हाताने धरलीय. पट्टा दुसरीकडे होता. कडेच्या माणसाच्या खांद्यावर. फोटो काढायच्या आधी त्याच्याकडून घेतलीय गिटार!

पुढचं मी मिस्त्रींकडून काढलं, आणि ते काढणं म्हणजे गंजलेला स्क्रू काढणं. मी विचारायचे, ते म्हणायचे पाना दे. मी विचारायचे, ते म्हणायचे दार लोट, वारा येतोय. दोन वर्षांत मिळून दहा वाक्यं निघाली असतील. वडील त्यांचे लिफ्टचेच मिस्त्री, मुलगा त्यांच्या हाताखाली. काका-बाबा गच्चीवर सराव करायचे, हा मोटरच्या खोलीतून ऐकायचा, आणि एक दिवस बाहेर येऊन म्हणाला, ‘तुमची दुसरी तार उतरली आहे.’ अशी सुरुवात. तीन वर्षं एकत्र वाजवलं. स्टुडिओत काकांचं बोट अडखळत होतं, पाचदा, सहादा, मग रेकॉर्ड करणाऱ्या माणसाने काचेतून विचारलं, ‘हे दुसऱ्या कोणाला येतं का?’ आणि मिस्त्रींनी वाजवलं. एकदाच. एका दमात. मग फोटो धुऊन आला त्या दिवशी आजोबा आले. डॉक्टर होते आमचे आजोबा, दवाखान्याबाहेर रांग असायची. त्यांनी फोटो बघितला आणि म्हणाले म्हणे, ‘मिस्त्रीचा मुलगा माझ्या मुलांच्या बरोबरीने उभा का?’ बस. एवढंच. आणि काका तिथे होते. बाबा तिथे होते. दोघं बावीस-तेवीसचे, जगाला आग लावणारी गाणी म्हणणारे, लांब केसांचे, लेदर जॅकेटवाले — आणि एकाच्या तोंडून ‘पण बाबा’ एवढं निघालं नाही. म्हणजे काय होतं ते? ते सगळं ओरडणं कोणावर होतं?

आणि मिस्त्री! त्यांचाही राग येतो मला, काय समजलात? मी म्हटलं, तुम्ही भांडला का नाहीत? म्हणाले, ‘वाजवलं ते वाजलं. रेकॉर्डवर मी आहेच की.’ मी म्हटलं, लोकांना माहीत नाही. म्हणाले, ‘लोकांना लिफ्ट कशी चालते तेही माहीत नाही, तरी वर पोचतात.’ असं बोलतात, आणि आपण गप्प व्हायचं. मला नाही पटत. ह्या सगळ्या पिढीला गिळायचंच फार कौतुक — एक अपमान करून गिळतो, दुसरा अपमान होऊन गिळतो, आणि दोघं जिन्यात भेटले की एकमेकांना ‘काय म्हणतोस’ विचारतात. डावऱ्या म्हणतात काका त्यांना. ‘काय डावऱ्या, आज बंद का लिफ्ट?’ आणि ते म्हणतात, ‘चालू करतो, दादा.’ दादा!

तुम्ही येणार हे मी त्यांना सांगितलं. काल दुपारी. मी म्हटलं, कव्हर नवीन छापतायत, लिहिणारा माणूस घरी येतोय, मी सगळं सांगणार आहे. त्यांनी मान हलवली — नको. बोलणं अजून नीट येत नाही, पण ‘नको’ स्वच्छ आलं. — हो, नको म्हणाले. खोटं कशाला सांगू. पण म्हाताऱ्या माणसांचं किती ऐकायचं हो? आणि तुम्हाला वाटत असेल, ही मुलगी त्या बिचाऱ्यासाठी किती झटतेय. तसं अजिबात नाहीये. मला काकांचा चेहरा बघायचाय. त्यांच्यासमोर, तुमच्यासमोर, त्या जॅकेटमध्ये. मी तीन वर्षं ह्या दिवसाची वाट बघतेय. रात्रंदिवस मनात संवाद तयार केलेत. चांगुलपणा वगैरे काही नाही यात, सूड आहे. असू दे. चांगुलपणाने चाळीस वर्षांत काय झालं?

— तीन वर्षं का? तीन वर्षं म्हणजे... काही नाही, असंच म्हटलं. तेव्हा कॉलेजात वाजवायला लागले मी. — नाही, तसं नाही. बरं. तुम्ही असे बघू नका, सांगते. कॉलेजचा वार्षिक कार्यक्रम होता. मी हेच वाजवलं, हे आठ आघात. हॉल उभा राहिला. आणि काका, पहिल्या रांगेतले पाहुणे, ते स्टेजवर चढले, माझ्या खांद्यावर हात टाकला, आणि माइकमध्ये म्हणाले, ‘माझी पुतणी. माझ्याच हाताखाली तयार झाली. रक्तातच आहे.’ मग माइक माझ्यापुढे केला. ‘हो ना गं?’ — आणि मी — तिथे पाचशे मुलं होती हो. टाळ्या चालू होत्या. मी म्हटलं, हो.

मिस्त्री शेवटच्या रांगेत होते. इस्त्रीचा शर्ट घालून. मीच बोलावलं होतं, मागे लागून लागून, तुम्ही आलाच पाहिजे म्हणून. दुसऱ्या दिवशी भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, ‘पाचवा आघात जरा घसरला. बाकी हात छान चालला.’ बस. त्यानंतर मी गच्चीवर गेले नाही. दोन महिने. परीक्षा होती. — नव्हती परीक्षा. नव्हती. लिफ्ट आली की मी जिन्याने जायचे, कारण दार उघडलं आणि ते आत असले तर? आणि मग एका सकाळी त्या मोटरच्या खोलीतच पडले ते. डावी बाजू गेली. तीन तास तिथेच होते. लिफ्ट चालू होती ना, म्हणून कोणाला कळलं नाही. लिफ्ट चालू असली की मिस्त्रीला कोण शोधतं? मी शोधलं असतं. मी रोजच्यासारखी गेले असते तर मी तिथेच असते. — नाही, पाणी नको. मला काही झालेलं नाही. तुम्ही तुमची कॉफी घ्या, साय आलीय तिच्यावर.

तर सांगायचं काय, की त्यांचा वाजवायचा हात गेला. आता उद्या कोणी म्हटलं, दाखवा वाजवून, तर ते दाखवू शकत नाहीत. त्यांचं ते वाजवणं आता फक्त दोन ठिकाणी आहे, एक तुमच्या रेकॉर्डवर आणि दुसरं ह्या मनगटात. आणि तुमचा मजकूर सोमवारी छापायला जातोय. म्हणजे गेलं की गेलं. पुढची चाळीस वर्षं पुन्हा ‘गिटार — काका’. आणि मिस्त्रींकडे चाळीस वर्षं नाहीयेत.

आले. आले बघा. — या काका! वा, बसलं की जॅकेट. बटणं लावू नका फक्त, फोटोत श्वास घ्यावा लागेल. नाही नाही, मी कुठे काय, गप्पा मारत होते. पाहुण्यांना मी सांगत होते की कोपरवाला माणूस वारला असं तुम्ही सांगितलंत, आणि ते येताना त्याला बघून आले, तर त्यांना जरा धक्का बसलाय. — बाबा, तुम्ही खाली बघू नका, खाली काही नाहीये, फरशी आहे. — काय, काका? गैरसमज? कसला? ‘वारला’चा दुसरा काय अर्थ होतो, मला शिकवा, मी तुमच्याच हाताखाली तयार झालेय ना! — नाही, आवाज चढवला नाही मी. हा माझा साधा आवाज आहे. चढवला की तुम्हाला कळेल.

— हो, त्यांना वाजवूनही दाखवलं. दोन्ही. तुमचं आणि त्यांचं. — लहानपणी? लहानपणी मला काय कळतं? काका, मी तेवीस वर्षांची आहे. फोटो कापला तेव्हा तुम्ही होतात त्याच वयाची. तुम्हाला तेव्हा कळत नव्हतं का? — आजोबांना कोण बोलणार, हो, बरोबर, आजोबांना कोण बोलणार. पण आजोबा जाऊन अकरा वर्षं झाली! ह्या अकरा वर्षांत कोणी धरून ठेवलं होतं तुम्हाला? रोज त्या माणसासमोरून वर येत होतात, त्याने दार उघडायचं आणि तुम्ही आत शिरायचं. बारा पायऱ्यांचं अंतर नाही. एकदा थांबून सांगायचं, चूक झाली रे. तेवढंच हवं होतं त्यांना. कदाचित तेही नको होतं. मला हवं होतं.

काय म्हणालात, बाबा? मोठ्याने बोला, पाहुण्यांनाही ऐकू दे. — आभार? शेवटच्या ओळीत? ‘विशेष आभार’ म्हणून नाव टाकू, म्हणजे मिटलं? ऐकलंत का तुम्ही? वाजवलं त्यांनी आणि आभार ह्यांनी मानायचे. — सगळ्यांची अब्रू राहील. कोणाकोणाची? खाली बसलेल्याची धरून मोजलीत का? — नाही. नको आभार. आणि ‘साहाय्य’ नको, आणि ‘यांच्या आठवणीत’ तर नकोच नको. ‘गिटार’ लिहायचं, आणि पुढे त्यांचं नाव. पहिल्या ओळीत.

— मी पाहुण्यांना सांगू की गंमत केली? काका, तुम्ही खरंच मला हे सांगताय? आत्ता? पुन्हा एकदा ‘हो ना गं’? नाही. एकदा म्हटलं ते, आयुष्याला पुरलं. नाही सांगणार. आणि आता आलोच आहोत इथवर तर दुसरंही सांगून टाकते. पुढच्या महिन्यात नवी रेकॉर्ड निघताना तुम्ही कार्यक्रम ठेवलाय. पाहुण्यांना सांगितलंय तुम्ही, की सांधे दुखतात, म्हणून सुरुवातीचं आमची पुतणी वाजवेल, पुढची पिढी, सगळं घरातलं घरात. — हो, ठरलं होतं. मीच हो म्हटलं होतं, मागच्या महिन्यात, इथेच बसून. आता नाही म्हणतेय. त्यांचं नाव पहिल्या ओळीत नसेल तर मी वाजवणार नाही. तुमच्या स्टेजवर नाही, ह्या घरात नाही, पाहुण्यांसमोर नाही, कुठेच नाही. हात जोडू नका, डोळे वटारू नका, आईला मध्ये घालू नका. नाही म्हणजे नाही.

घ्या ना मग गिटार. तुमचीच आहे. सांधे राहू देत, काका, आठच तर आघात आहेत. — पाहुणे काय, समजून घेतील. नाही येत? बरं. बाबा, तुम्ही? — नाही? मग कोण वाजवणार? सगळी माणसं येतील, दिवे लागतील, ती सुरुवात ऐकायलाच आलेली माणसं, आणि स्टेजवर कोण असेल? मी विचारतेय. उद्धटपणे विचारत नाहीये, खरंच विचारतेय, मला उत्तर हवंय — कोण वाजवणार?

काका?

बाबा, तुम्ही तरी.

— तुम्ही का थांबलात? लिहा ना. दोघंही काही बोलले नाहीत, असं लिहा.